‘फक्त ड्रायक्लीन’ लिहिलेले कपडे घरी धुताना: काय पाण्यात घालायचं, काय नाही

लोकर मेंढीच्या अंगावर पावसात भिजतच असते आणि रेशमाचा धागा कोश गरम पाण्यात टाकूनच उलगडतात. देवपूजेचं रेशमी सोवळं तर घरोघरी पाण्यातच धुतलं जातं. मग रेशमी कुर्त्यावर किंवा सुटावर ‘फक्त ड्रायक्लीन’ का छापलेलं असतं? पाण्याने बिघडतात ते बहुतेक वेळा धाग्यावरचे कच्चे रंग, कापडावरची झिलई आणि शिवताना आत घातलेले थर: बकरम, फ्यूजिंग, कॅनव्हास, खांद्याचे पॅड, अस्तर. म्हणून कपडा हातात घेतल्यावर ‘हे कापड कुठलं’ या प्रश्नाइतकाच ‘याच्या आत काय काय आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा.

ड्रायक्लीन म्हणजे कोरडं धुणं नव्हे. त्यात कपडा पाण्याऐवजी द्रावकात, बऱ्याच ठिकाणी परक्लोरोइथिलीनमध्ये, घुसळतात. तेल, तूप, मेकअप, ग्रीस हे डाग त्यात छान विरघळतात. घामातलं मीठ आणि सरबतातली साखर मात्र पाण्यातच विरघळणाऱ्या गोष्टी, त्या द्रावकाने नीट निघत नाहीत. लाँड्रीतून आणलेल्या कुर्त्याच्या काखेला पुन्हा लगेच वास यायला लागतो, त्याचं कारण हेच. अशा कपड्याला योग्य पद्धतीने दिलेलं पाणी उलट जास्त उपयोगी पडतं.

१. आधी लेबल नीट वाचा

आतल्या शिवणीतल्या पट्टीवर चिन्हं असतात. वर्तुळ म्हणजे व्यावसायिक धुलाई. वर्तुळात इंग्रजी ‘पी’ असेल तर परक्लोरोइथिलीन चालतं. ‘एफ’ असेल तर फक्त सौम्य, हायड्रोकार्बन प्रकारचं द्रावक. ‘डब्ल्यू’ असेल तर व्यावसायिक पद्धतीने पाण्यात धुणं चालतं, म्हणजे काळजी घेतली तर हे कापड पाणी सोसतं. वर्तुळाखाली एक रेघ म्हणजे हलक्या हाताने आणि दोन रेघा म्हणजे फारच हलक्या हाताने. पाण्याच्या टबात हात दाखवला असेल तर हातधुणं चालतं.

टबावर फुली असेल तर तिथेच थांबा. ती फुली म्हणजे पाणी नको असं स्पष्ट सांगणं आहे. पण नुसतं वर्तुळ आहे आणि टबावर फुली नाही, अशा कपड्याला वाव असतो. अमेरिकेतून आलेल्या कपड्यांबाबत एवढं ध्यानात ठेवा की तिथल्या नियमानुसार उत्पादकाने एकच सुरक्षित पद्धत छापली तरी पुरतं. ‘ड्रायक्लीन’ एवढंच लिहिलेला प्रत्येक कपडा पाण्यात बिघडेलच असं नाही.

शिंप्याकडून शिवलेल्या कपड्याला लेबल नसतं. तिथे आतल्या शिवणीच्या माजिनातून (शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडातून) दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहा. जळक्या केसांचा वास आणि हाताने चुरा होणारी काळी राख असेल तर रेशीम किंवा लोकर. कागद जळल्यासारखा वास असेल तर सुती किंवा व्हिस्कोज. धागा वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा तपासा, कारण कॉटन-सिल्कमध्ये बऱ्याचदा एका दिशेला सूत आणि दुसऱ्या दिशेला रेशीम असतं.

२. कोणता कपडा कोणत्या गटात

घरी पाण्यात घालू नयेत असे:

- कोट, ब्लेझर, बंदगळा, शेरवानी. आतल्या थरांमुळे, पुढे सविस्तर.
- खऱ्या जरीची पैठणी, कांजीवरम, शालू. पाणी, साबण आणि घासणं यांनी जरीची तार काळवंडते आणि काठ आकसतो.
- प्युअर सिल्कचं क्रेप आणि जॉर्जेट. यांच्या धाग्याला खूप पीळ दिलेला असतो, तो ओला झाला की आवळतो आणि कापड भराभर आटतं.
- मखमल, चामडं, फर, गोंदाने चिकटवलेले खडे किंवा आरसे.
- प्लीट्स घातलेला व्हिस्कोज किंवा रेयॉन. ओला व्हिस्कोज निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो आणि घड्या परत बसत नाहीत.
- भरतकाम केलेली जुनी पश्मिना.

काळजीने घरी धुता येतील असे: पॉलिस्टर जॉर्जेट आणि शिफॉनच्या साड्या (यांना ड्रायक्लीनला पाठवणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं), बिनअस्तराचा साधा रेशमी कुर्ता, रेशमी स्टोल, कॉटन-सिल्क दुपट्टा, लोकरीचा स्वेटर, साधी शाल, टेरीवूल आणि टेरी-रेयॉनच्या (पॉलिस्टरमध्ये लोकर किंवा रेयॉन मिसळलेल्या कापडाच्या) पँट.

साडीला फॉल लावलेला असेल तर एक सापळा आहे. फॉल बहुतेक वेळा सुती असतो आणि तो लावण्याआधी भिजवून आटवून घेतलेला नसेल, तर पहिल्याच धुण्यात तो आटतो, साडी आटत नाही, आणि खालचा काठ चुण्या पडून वर खेचला जातो. शिंप्याने फॉल आटवला होता का याची खात्री नसेल तर आधी फॉल उसवा, साडी धुवा, फॉल वेगळा भिजवा आणि इस्त्री करून पुन्हा लावा. ब्लाउजच्या सुती अस्तराचंही तेच.

३. हाताशी काय लागेल

- नितळ तळाचा मोठा टब किंवा दोन बादल्या. कपडा मोकळा बुडेल एवढी जागा हवी.
- लोकर-रेशमासाठीचं द्रव साबण, जसं ईझी किंवा जेंटील. नाहीतर रिठे.
- पांढरं व्हिनेगर.
- दोन-तीन फिके, रंग न जाणारे मोठे टॉवेल.
- पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे, चाचणीला आणि इस्त्रीखाली ठेवायला.
- मोजपट्टी, तपकिरी कागद, पेन्सिल.
- मऊ केसांचा कपड्याचा ब्रश, रुंद खांद्याचा हँगर, क्लिपचा हँगर.
- वाफेची इस्त्री किंवा हातातला स्टीमर.

नेहमीची कपड्याची पावडर इथे वापरू नका. ती अल्कधर्मी असते आणि बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. रेशीम आणि लोकर ही प्रथिनंच आहेत, त्यामुळे डागाबरोबर कापडही झिजतं. ब्लीच तर रेशीम-लोकरीला अक्षरशः विरघळवतं. ते व्हिनेगरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, म्हणून दोन्ही बाटल्या एकाच वेळी बाहेरही काढू नका.

रिठ्याचं पाणी करायचं तर ८–१० रिठे फोडून बिया काढा, साली १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५ मिनिटं उकळा, गाळा आणि गार होऊ द्या. त्यातलं अर्धा लिटर ५ लिटर पाण्याला पुरतं. गडद रेशमाला ते उत्तम. पांढऱ्या किंवा मोतिया कापडावर मात्र तपकिरी छटा चढू शकते.

आणि एक कळकळीची सूचना. लाँड्रीच्या पाटीवर ‘पेट्रोल वॉश’ वाचून घरी बाटलीत पेट्रोल आणून डाग पुसणारे लोक आहेत. असं कधीही करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत दुसऱ्या खोलीतल्या गॅसपर्यंत किंवा विजेच्या ठिणगीपर्यंत पोचते आणि भडका उडतो. रॉकेल, थिनर यांनाही हेच लागू.

४. तीन चाचण्या, धुण्याआधी

रंगाची चाचणी: कोमट पाण्यात दोन थेंब द्रव साबण टाका, पांढरं कापड त्यात भिजवून आतल्या शिवणीवर १ मिनिट घट्ट दाबून धरा. रंग उतरला तर पाणी विसरा. प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी घ्या: अंगाची, काठाची, भरतकामाच्या धाग्याची. लाल, मरून, काळा आणि गर्द निळा हे बहुधा फसवतात.

थेंबाची चाचणी: आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका आणि वाळू द्या. कडेने वलय उमटलं किंवा तेवढीच जागा आकसली, तर त्या कापडावर झिलई आहे किंवा धाग्याला जास्त पीळ आहे. तो कपडा लाँड्रीचा.

मापाची चाचणी: पँटची लांबी, कंबर आणि मोहरी (पायाच्या खालच्या तोंडाची रुंदी) मोजून लिहून ठेवा. स्वेटर तपकिरी कागदावर पसरून पेन्सिलने त्याची बाह्यरेषा काढा. वाळवताना हाच कागद कामाला येतो. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई लागते.

५. डाग आधी, धुणं नंतर

तेलाच्या ताज्या डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झटका. गरज पडली तर पुन्हा करा. पाणी आधी लावलं तर पावडरला तेल शोषता येत नाही.

हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं, एवढंच. भरपूर साध्या पाण्याने धुतलं की ते पुन्हा पिवळं दिसतं. सुती कापडावरची हळद उन्हात विरते, पण रेशीम उन्हात ठेवाल तर रेशीमच पिवळं पडेल. त्यामुळे रेशमावरची हळद आधी पावडरने कोरडी करा, मग सौम्य साबणाने एकदा धुवा. उरलेला डाग खरवडत बसू नका. कुंकू, गुलाल, बुक्का हे कोरडेच झटकायचे. ओल्या बोटाने पुसलं की ते धाग्यात शिरतात.

सरबत किंवा शहाळ्याचं पाणी सांडलं तर त्याचा डाग वाळल्यावर दिसतही नाही. पण साखर तिथेच असते आणि इस्त्रीच्या उष्णतेने तपकिरी होते. म्हणून न दिसणारा डागही लगेच साध्या पाण्याने टिपून घ्या.

कुठलाही डाग बाहेरून आत टिपत जायचा. घासलं की रेशमाचा धागा फुलतो आणि डाग गेला तरी तिथे पांढुरका चट्टा राहतो.

६. रेशीम धुणं

१. टबात ५ लिटर पाणी घ्या, हाताला ना गार ना गरम. ३० अंशांच्या वर नको. त्यात २ चहाचे चमचे, म्हणजे १० मिली द्रव साबण आधी पूर्ण मिसळा. कपड्यावर थेट ओतू नका.

२. कपडा उलटा करा, बटणं लावा, एकेकच कपडा घाला. पाण्यात हळूच वर-खाली बुडवा. ३ ते ५ मिनिटं पुरे. रात्रभर भिजवणं हा रेशमासाठी शत्रू.

३. त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्यात दोनदा-तीनदा खळबळा, फेस जाईपर्यंत.

४. शेवटच्या ५ लिटर पाण्यात १ मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला. बोअरचं जड पाणी असेल तर हे वगळू नका. क्षार आणि साबण मिळून जो पांढुरका थर बसतो, त्यानेच रेशीम निस्तेज दिसतं. कपड्यावर जरीचं किंवा धातूचं काम असेल तर मात्र व्हिनेगर नको.

५. पिळू नका. टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि तळव्याने दाबा.

वाळवणं सावलीत, पंख्याखाली. किंचित ओलं असतानाच उलट्या बाजूने इस्त्री. पूर्ण वाळलेल्या रेशमावर वरून पाणी शिंपडलं की थेंबांचे डाग पडतात.

७. लोकर: स्वेटर, शाल

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. पाणी, उष्णता आणि घासणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आखडून नमद्यासारखा (दाबून बनवलेल्या लोकरी कापडासारखा) जाड होतो. एकदा अडकलेले खवले सुटत नाहीत. म्हणून दोन नियम: हालचाल कमीत कमी, आणि धुण्याचं व खळबळण्याचं पाणी एकाच तापमानाचं. कोमट पाण्यातून काढून थेट नळाच्या गार पाण्याखाली धरणं हीच सर्वांत मोठी चूक. डिसेंबरात पुण्या-नाशिकला नळाचं पाणी बरंच गार असतं, तिथे सगळ्या बादल्या आधीच कोमट भरून ठेवा.

साबणाचं प्रमाण रेशमासारखंच. ५ ते १० मिनिटं भिजू द्या, तळव्याने हळूच दाबा. बाहेर काढताना ओला स्वेटर खालून दोन्ही हातांनी उचला. गळ्याला धरून उचलला तर पाण्याच्या वजनाने तो ताणतो. टॉवेलच्या गुंडाळीने पाणी काढा, मग काढून ठेवलेल्या कागदी आकारावर कोरडा टॉवेल घालून त्यावर स्वेटर हलकेच ओढून मापात बसवा. आडवाच वाळवा. दोरीवर नको, ड्रायरमध्ये नको, परदेशात असाल तर हीटरवरही नको.

८. सुटाची पँट

टेरीवूल किंवा टेरी-रेयॉनची पँट घरी धुता येते, फक्त ती सुटाची जोडी असेल तर एक विचार करा. पँट दहा वेळा धुतली आणि कोट एकदाही नाही, की दोघांच्या रंगात फरक पडतो आणि उजेडात तो लगेच दिसतो. लग्नासाठी शिवलेला सूट असेल तर दोन्ही एकत्रच ड्रायक्लीनला द्या. रोज ऑफिसला जाणारी सुटी पँट मात्र बिनदिक्कत धुवा.

खिसे उलटे करून झटका, चेन लावा, पँट उलटी करा, क्रीझच्या रेषेवर घडी घालून पाण्यात बुडवा. ५ मिनिटं, दाबून. मोहरी आणि खिशाच्या तोंडाशी मऊ ब्रश फिरवा. टॉवेलने पाणी काढल्यावर आधी आडवी वाळवा. साधारण तीन-चतुर्थांश वाळली की दोन्ही पायांच्या क्रीझ जुळवून मोहरीला क्लिप लावा आणि उलटी टांगा. कमरेच्या वजनाने पाय सरळ होतात, इस्त्री निम्मी होते.

९. कोट: धुवायचा नाही, स्वच्छ करायचा

कोटाच्या समोरच्या भागात कापडाला आतून एक थर चिकटवलेला किंवा टाचलेला असतो. आजच्या बहुतेक तयार कोटांत तो गोंदाने, गरम दाबून चिकटवलेला असतो, त्यालाच फ्यूजिंग म्हणतात. पाण्यात कापड एका प्रमाणात आटतं आणि फ्यूजिंग दुसऱ्या प्रमाणात. गोंद सुटतो, छातीवर आणि कॉलरच्या पुढच्या भागावर फुगे येतात. हे फुगे इस्त्रीने बसत नाहीत, बसल्यासारखे वाटले तरी पुन्हा येतात. खांद्याचे पॅड पाणी पिऊन गुठळ्या होतात आणि अस्तर वेगळंच आटून कोटाच्या खालच्या कडेला बाहेर डोकावतं. मशीनचं ‘डेलिकेट’ बटण यातलं काहीच टाळत नाही.

मग काय करायचं?

खिसे रिकामे करा. कोट रुंद हँगरवर टांगा आणि ब्रश वरून खाली, कापडाच्या लवेच्या दिशेने फिरवा. कॉलर उचलून आतून, खिशाच्या झाकणाखालून, खांद्यावरून. धूळ हीच कापड झिजवणारी वस्तू आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी घालून आल्यावर दोन मिनिटांचं हे ब्रशकाम केलं तर ड्रायक्लीनच्या खेपा खूप कमी होतात.

कॉलरच्या मळकट पट्ट्यासाठी १ कप कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा द्रव साबण मिसळा. पांढरं कापड त्यात बुडवून एवढं पिळा की थेंब पडता कामा नये, आणि टिपा. मग नुसत्या पाण्याच्या तशाच पिळलेल्या कापडाने साबण टिपून घ्या. काखेचं अस्तरही असंच पुसा. ओल बाहेरच्या कापडापर्यंत जाऊ देऊ नका, आणि पुसून झाल्यावर कोट उलटा करून पंख्याखाली वाळवा.

शेवटी वाफ. स्टीमर १०–१५ सेंटिमीटर दूर धरा. स्टीमर नसेल तर बाथरूममध्ये गीझरचं गरम पाणी सोडून दार लावा, कोट पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी १५–२० मिनिटं टांगा. सुरकुत्या सैल पडतात, वासही बराच जातो. बाहेर काढल्यावर लगेच घालू नका आणि कपाटातही ठेवू नका. रात्रभर पंख्याखाली राहू द्या. कोकणात पावसाळ्यात तर हा टप्पा टाळलात की आठवड्याभरात बुरशीचे ठिपके ठरलेले.

परदेशात ड्रायरमध्ये घालायची घरगुती ड्रायक्लीन पाकिटं मिळतात. त्यांनी वास आणि सुरकुत्या जातात, पण खरे डाग निघत नाहीत.

१०. इस्त्री

इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. पॉलिस्टर, नायलॉन, अ‍ॅसिटेट एका ठिपक्यावर. रेशीम एक ते दोनच्या मध्ये, उलट्या बाजूने. लोकर आणि टेरीवूल दोनवर, पण मध्ये ओलं सुती कापड ठेवूनच. इस्त्री सरकवू नका, ठेवा, दाबा, उचला, पुढे ठेवा. सरकवली की तंतू चेपून पँटच्या गुडघ्यावर आणि बसण्याच्या जागी चकाकी येते. क्रीझ बसल्यावर कापड गार होईपर्यंत हलवू नका. गरम क्रीझ लगेच मोडते.

११. लाँड्रीत द्यायची वेळ आली तर

बिलावर कपड्याचा रंग, कापड आणि आधीचे दोष लिहून घ्या: सुटलेली शिवण, सैल बटण, जुना डाग. महागाचा कपडा असेल तर देण्याआधी फोटो काढा. डाग कशाचा आहे आणि कधीचा आहे ते सांगा, न दिसणारा सरबताचा डागही. त्यावर तुम्ही घरी काय लावलंत तेही लपवू नका, नाहीतर चुकीच्या रसायनाने तो कायमचा बसेल. पैठणीवर खरी जर आहे हे शब्दांत सांगा आणि बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर प्लॅस्टिकचं आवरण लगेच काढा. द्रावकाचा वास अडकलेला असतो, कपडा दिवसभर मोकळ्या हवेत टांगा. परक्लोरोइथिलीन माणसात बहुधा कर्करोगकारक मानलं जातं, म्हणून हे आवरण कपाटात ठेवायचं नाही. कोट सुती पिशवीत टांगा. पैठणी धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळा, दर दोन-तीन महिन्यांनी उलगडून घडीची जागा बदला, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडात बांधून कपाटाच्या कोपऱ्यात, जरीला लागणार नाहीत अशा.